श्रावणातला नमुना

“डबा उघडू नका, बाई. काय बी झालं तरी संध्याकाळपर्यंत झाकणाला हात लावू नका.”

लिंबाजीनं हे दोनदा सांगितलं. एकदा ओसरीखाली उभं राहून आणि एकदा सायकलवर टांग टाकताना मागं वळून. दोन्ही वेळा मी मान हलवली. त्र्याण्णव सालच्या श्रावणातला तो शुक्रवार होता, जिवतीचा.

बन्सीधर माझा धाकटा दीर. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. मला मूल झालं नाही. भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवून, पुरणाचे दिवे लावून मी दर श्रावणात ज्याच्या आयुष्यासाठी हात जोडले, तो हाच. पुढं तो आमच्या गावच्या, बोरीच्याच शाळेत मास्तर झाला. त्याचं लग्न ठरलं आणि त्याच साली त्याच्या डाव्या कुशीत गोळा लागायला लागला. परभणीला दाखवलं, तिथून मुंबई. रक्ताचा कर्करोग निघाला. लग्न मोडलं. पाहुणे सरळ बोलले नाहीत, नुसते यायचे थांबले.

त्र्याण्णवच्या संक्रांतीला मुंबईत त्याला ह्यांच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाच्या हाडातला मगज काढून दिला. दोघा भावांचं जुळलं हे आमचं नशीब. बन्सीधर वाचला. घरी आला तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि हसायला लागला की ओठ फाटायचे, तरी हसायचा.

पण मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की बरं दिसणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, साधं नव्हे. साध्या तपासणीत त्याचं रक्त आता तुमच्याआमच्यासारखंच दिसायचं. ही तपासणी नवीन होती, फक्त मुंबईला व्हायची. मला समजावं म्हणून बन्सीधरनं चुलीपाशी बसून सांगितलं होतं.

“वैनी, समजा दोन पोथ्या हायत. दोन्हीची पानं उसवली आन् बांधणाऱ्यानं एकीचं पान दुसरीला शिवलं. तशी माझ्या रक्तात चुकीची शिवण झाली. लाखभर पेशींत एक तसली उरली असंल तर डोळ्याला दिसत न्हाई, दुर्बिणीला दिसत न्हाई. ही तपासणी त्या शिवणीची खूण हुडकती.”

“मग सापडली तर?”

“सुरवातीचे सहा म्हयने सापडली तर घाबरायचं न्हाई. धुवून निघायला वेळ लागतो. त्याच्यानंतर मात्र सापडली न्हाई पायजे.”

“आन् बर्फ कशाला लागतो?”

“खूण लय नाजूक असती. ऊब लागली की विरघळून जाती. चोवीस तासांच्या आत, बर्फातच पोचवायची.”

इतकं सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मला कुठंच म्हणता येत नाही.

लिंबाजी आमच्याच गावचा, भीमनगरातला. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात रक्ताच्या खोलीत कामाला होता. बन्सीधर आणि तो एका वर्गात शिकलेले. त्या शुक्रवारी त्यानं रजा टाकली होती. जिंतूरचा बर्फाचा कारखाना लाईटीअभावी बंद, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला येलदरीला गेला. तिथं धरणावरची मासळी बाहेरगावी पाठवायला बर्फ ठेवतात. तिथला बर्फ भुशात, पोत्यात गुंडाळून पहिल्या एस.टी.नं बोरीला आणला. ओसरीवर बन्सीधरच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं. बन्सीधर डोळे मिटून भिंतीला टेकला, तोवर लिंबाजीनं माझ्यासमोर बाटलीचं बूच घट्ट केलं, बाटली पिशवीत घातली, पिशवी रुंद तोंडाच्या डब्यात बर्फात खोचली. वरून पांढरी चिकटपट्टी चारी बाजूंनी.

“मासळीचा बर्फ का रं?” पट्टी लावून झाल्यावर हे बाहेर आले, पोतं बघून विचारलं.

“दोन पाण्यानं धुतलाय, मालक. आन् बर्फाला जात नसती.”

बन्सीधर हसला. हे हसले नाहीत.

लिंबाजीनं डबा ओसरीच्या कडेला ठेवला, दोन पावलं मागं सरला, मग मी उचलला. हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना येतं. संध्याकाळी पाचच्या गाडीनं हे परभणीला जाणार, तिथून मुंबईची एस.टी. तोपर्यंत डबा घरात गारव्याला ठेवायचा. आमच्या घरात गारवा एकाच ठिकाणी, माजघरात. तिथंच देव, तिथंच भिंतीला जिवतीचा कागद.

चातुर्मासाचे माझे नेम होते. एक वेळचं जेवण. तुळशीला एकशेआठ प्रदक्षिणा. शनिवारी पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन, पायात चपला न घालता. आणि खोटं बोलायचं नाही. हे सगळे बन्सीधरसाठीच धरलेले. डबा देवासमोर कोपऱ्यात ठेवला आणि पुरण वाटायला बसले. वाटता वाटता मला वास आला. मासळीचा. मी उठले, पदर नाकाला लावला, पुन्हा बसले. पुन्हा उठले. जिवतीसमोर नैवेद्य मांडायचा आणि शेजारी हे. माझ्या मनानं घेतलं की नेम मोडला तर त्याचा भोग बन्सीधरला लागेल.

बन्सीधर पडवीत झोपला होता. हे शेताकडं गेलेले. मी चिकटपट्टी सोडवली, हळूच, फाटू न देता. बर्फ परसात शेवग्याच्या बुडाशी ओतला. डबा राखेनं घासला. रांजणातलं पाणी घातलं, त्यात तुळशीची पानं बुडवून काढली, रक्ताची पिशवी त्यात ठेवली आणि पट्टी होती तशी लावली. रांजणाचं पाणी श्रावणात गारच असतं, हात घातला तर शिरशिरी येते. गार ते गार, असं मी स्वतःशी म्हणाले. मग आंघोळ केली आणि पूजा मांडली. त्या दिवशीच्या आरतीत माझा आवाज किती मोकळा लागला, हे मला अजून आठवतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. इंग्रजी. बन्सीधरनं वाचलं आणि घडी घातली.

“काय म्हणत्यात?” ह्यांनी विचारलं.

“नमुना खराब झाला. डब्यात बर्फ नव्हता, कोमट पाणी होतं. काहीच सांगता येत न्हाई म्हणत्यात. होय न्हाई, आन् न्हाई बी न्हाई.”

“बर्फ नव्हता? पंधरा तास मांडीवर घेऊन गेलो मी तो डबा!”

“वितळला असंल.”

“वितळला तर थंड तरी राहील का न्हाई? त्या लिंब्यानं घातलाच नसंल. वरवर दोन खडे दावले असतील.”

मी भाकरी थापत होते. एक भाकरी करपली. कुणाचं लक्ष गेलं नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा लहान होती गोष्ट. एक वाक्य लागलं असतं. मला वाटलं, आज नको, ह्यांचा राग उतरू दे, उद्या. दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा घालताना वाटलं, विचारल्याशिवाय कशाला. कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही, इतकं तर मी पाळतेच आहे.

मग विचारणारा आला. लिंबाजी स्वतः. ओसरीखाली उन्हात उभा राहिला. ओसरीवर हे होते आणि गावातले पुढारी भगवानराव पान लावत बसले होते.

“मालक, दवाखान्यात तुमी बोललात म्हणं की मी बर्फ घातला न्हाई. बाईंना विचारा. बाईंच्या समोर भरला.” मग माझ्याकडं वळून, “बाई, तुमी सांगा. भरला का न्हाई मी?”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पदर पुढं ओढला.

“मी आत होते,” मी म्हणाले. “पुरण शिजत होतं.”

ते खरंच होतं. थोडा वेळ मी आत होतेच. खोटं न बोलता खोटं बोलायची ही विद्या मला नेमानेमात कधी आली, देव जाणे.

लिंबाजी माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. मोजून टाकलेलं काही कमी भरल्यावर माणूस परत मोजतो ना, तसं.

भगवानराव पान तोंडात सारून म्हणाले, “काय रं लिंबाजी, विद्यापीठाला नाव द्या म्हणून मोर्चात पुढं असता तुमी. पंधरा वर्सं झाली. नाव पायजे, काम नको, असं कसं चालंल?”

“नावाचा आन् बर्फाचा काय संबंध, भगवानराव?”

“बघा, तोंड बघा ह्याचं.”

“तोंड हाय म्हणूनच आलो,” लिंबाजी म्हणाला. “हातातलं काम तर तुमी काढून घ्यायलाच निघालात.” आणि गेला.

भगवानरावांनी तक्रारीचा कागद तयार केला. ह्यांनी सही केली. खाली माझं नाव होतं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, मला वाचता येतं. लिहिलं होतं: आमच्या घरी डबा कोणीही उघडला नाही.

“नर्मदा, सही कर,” हे म्हणाले.

मी केली. नर्मदाबाई राधाकिशन. अक्षर नीट आलं, वळणदार. कागद गेला आणि मी तुळशीला पाणी घालायला गेले. मोजताना चुकले, एकशेआठ झाल्या की नाही कळेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून घातल्या. इतकी मी चोख.

लिंबाजीची चौकशी लागली. त्याला रक्ताच्या खोलीतून काढलं, झाडायला लावलं. नोकरी कायम होणार होती, ती अडकली. हे मला बाजारात बायकांच्या बोलण्यातून कळत गेलं, आणि मी भाव न करता भाजी घेऊन घरी येत गेले.

दिवाळीच्या सुट्टीत दोघे भाऊ मुंबईला गेले, बन्सीधरचं रक्त तिथंच काढलं. रिपोर्टसाठी थांबले. परत आले तेव्हा ह्यांनी दारातच पिशवी टाकली आणि कुणाशी न बोलता मळ्याकडं निघून गेले. बन्सीधर चुलीपाशी आला, नेहमीच्या पाटावर बसला.

“खूण सापडली, वैनी.”

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं.

“घाबरू नका. बाकीचं रक्त चांगलं हाय. पण डॉक्टरीणबाईंना कळंना, ही जुनी उरलेली हाय का नवीन आलेली. उरलेली असंल तर जाईल हळूहळू. नवीन असंल तर रोगच परत निघालाय, लगेच सुया चालू करायच्या. लय जहाल सुया हायत, उगीच द्यायच्या न्हाईत म्हणल्या. श्रावणातला कागद असता तर आजच ठरवलं असतं, म्हणल्या. श्रावणात खूण होती का नव्हती, तेवढंच पायजे होतं त्यांना.”

“मग आता?”

“आता संक्रांतीच्या सुमाराला परत पाठवायचं. वाढली का घटली ते बघून ठरवतील. तवर थांबायचं.”

तो उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. पाठमोरा. माझ्या लक्षात आलं की त्याच्या मानेवर केस चांगले दाट आले आहेत. ते बघून मला आनंद व्हायला पाहिजे होता.

ते दीड-दोन महिने मी कसे काढले ते सांगत नाही. उपास वाढवले. कार्तिकात चातुर्मास संपला तरी एक वेळच जेवत राहिले. बायका म्हणायच्या, दिरासाठी किती करते. मला ते ऐकवायचं नाही, आणि थांबा असंही म्हणवायचं नाही.

जानेवारी लागला. विद्यापीठाच्या नावाचं आता संक्रांतीला होणारच, अशी बातमी रोज यायची. गावात दोन तट पडले, बसथांब्याजवळ पोलिसांची गाडी उभी राहायला लागली. भीमनगरात निळ्या पताका लागल्या. संक्रांतीला चार दिवस होते. रक्त पाठवायची वेळ झाली आणि ओसरीवर वाद सुरू झाला.

“जिंतूरच्या डॉक्टरकडला कंपाउंडर येतो म्हणलाय,” हे म्हणाले.

“त्याला हे जमत न्हाई, दादा,” बन्सीधर म्हणाला. “मागं एकदा पट्टा बांधून हात काळानिळा केला होता त्यानं. लिंबाजीला बोलवा.”

“ज्यानं घात केला त्याला?”

“त्यानं केला का न्हाई ते ठरायचंय. सोमवारी चौकशी हाय त्याची.”

“ठरंल ना! कागद दिलाय आपण. सही हाय हिची. ही खोटं बोलत न्हाई, साऱ्या गावाला ठावूक हाय.”

हे उठून मळ्यात गेले. मी दाराआड होते. ह्यांचं शेवटचं वाक्य मी मनात दोनदा म्हणून बघितलं. मग ओसरीवर आले. बन्सीधर पोरांच्या वह्या तपासत होता.

“बन्सी,” मी म्हणाले, “डबा मी उघडला.”

त्याची लाल पेन्सिल थांबली.

“श्रावणात. बर्फ मी ओतून दिला. रांजणाचं पाणी भरलं.” मग सगळं सांगितलं. जिवती, नैवेद्य, मासळीचा वास, चिकटपट्टी. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर पुढं गेले नसते.

त्यानं वही मिटली. रस्त्यावरून कुणाची तरी बैलगाडी गेली, तिचा आवाज पार संपेपर्यंत तो तिकडं बघत होता.

“माझ्यासाठी केलं,” शेवटी तो म्हणाला.

“तुझ्यासाठी.”

“माझं रक्त खराब केलं, माझ्यासाठी.”

मी त्याच्यासमोरच्या वह्या एकावर एक लावल्या.

“वैनी, एक विचारू? वास येत होता का खरंच?”

मी होय म्हणायला तोंड उघडलं. आणि मला ती दुपार पुन्हा दिसली. पुरणाला वेलदोडा घातला होता, जायफळ किसलं होतं. सगळं घर त्या वासानं भरलं होतं. बर्फ ओतताना माझ्या हातावर पाणी सांडलं होतं, तो हात मी नाकाशी नेला होता, कारण मला खात्री करायची होती. हाताला कसलाच वास नव्हता. तरीही मी डबा राखेनं घासला. तळ एकदा घासला. कडी, जिथं त्यानं धरलं होतं, ती तीनदा.

“न्हाई,” मी म्हणाले.

बन्सीधरनं माझ्याकडं पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. तो अंगणाकडं बघत म्हणाला, “आमी दोघं एका बाकावर बसायचो. तो पाणी प्यायला नळाला जायचा आन् मी रांजणाला. मला बी कधी काय वाटलं न्हाई त्यात.” मग थोड्या वेळानं, “सुया लागतील का न लागतील, ते माझं मी बघीन. तुमच्यावर राग धरायला मला यायचं न्हाई, लहानपणापासून सवय न्हाई. पण सोमवारी त्याची चौकशी हाय.”

“मी देवाला...”

“देवाला काय सांगायचं ते सांगा. त्याला तर सगळं ठावूकच असंल. लिंबाजीला ठावूक न्हाई.”

“मी सांगीन,” मी म्हणाले. “त्याच्या दारात जाऊन सांगीन. आन् सोमवारी जिंतूरला साहेबांपुढं. शपथ...”

“शपथ नको, वैनी. शपथा लय झाल्या. नुसतं ‘जाते’ म्हणा.”

“जाते.”

“दादाला?”

“त्यांना पयलं सांगते.”

हे मळ्यातून दुपारी आले. मी ताट वाढलं, जेवण होऊ दिलं, हात धुवायला पाणी दिलं आणि सांगितलं. ह्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तसा चेहरा पडला. तक्रारीवर ह्यांचीही सही होती.

“गप बस,” हे हळू आवाजात म्हणाले. “झालं ते झालं. मी भगवानरावांशी बोलतो, कागद मागं घेता येतो का बघतो. त्याची नोकरी वाचली म्हणजे झालं ना? तू कशाला तोंड दाखवायचं?”

“कागद मागं घेतला तर तो सुटंल. पण खोटा कोण होतं ते कळणार न्हाई.”

“कळायची काय गरज हाय? अगं, चार दिवसांवर आलंय ते नावाचं. गाव पेटायच्या बेतात हाय. पोलीस बसलेत. अशात आपल्या घरची बाई भीमनगरात जाऊन पाय धरणार? लोक काय म्हणतील?”

“पाय धरायला न्हाई चालले. तेवढं सांगायला चालले.”

“त्यानं हाकललं तर?”

“हाकलू द्या.”

ह्यांनी हात पुसायचा पंचा कितीतरी वेळ हातात धरला. मग खुंटीला अडकवायला गेले, तो खाली पडला, तो तसाच राहू दिला आणि आत गेले. जा म्हणाले नाहीत. जाऊ नको असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

लिंबाजी दवाखान्यातून चारच्या गाडीनं येतो, हे मला ठाऊक होतं. पाच महिने ती गाडी आली की मी आत जात होते. त्या दिवशी गाडी आली, वेशीपाशी थांबली, पुढं निघून गेली. तो घरी पोचेल, हातपाय धुवेल, एवढा वेळ जाऊ दिला. काय बोलायचं ते मनात जुळवत होते, दर वेळी ते लांबत होतं आणि लांबलं की त्यात माझे उपास आणि माझे नेम येत होते. शेवटी जुळवणं सोडून दिलं.

डोक्यावरचा पदर नीट केला. हातात काही घेतलं नाही. भीमनगराचा रस्ता चावडीवरून जातो, मागच्या गल्लीतूनही जातो. मी चावडीवरून निघाले.